आठ जीपा आणि एकही पाना नाही

"सर, ही जीप हाय का लगीनघर?" बादशहा शिकलगाराने बॉनेटमधून डोके बाहेर काढले आणि हातातल्या टेस्टरचे टोक माझ्याकडे रोखून तो उत्तराची वाट पाहू लागला.

मी त्याला शांतपणे सांगितले की प्रश्नच सदोष आहे. वाहन आणि गृह या दोन भिन्न जाती आहेत, आणि दिवे जास्त झाल्याने एका जातीची वस्तू दुसऱ्या जातीत जात नाही. बादशहाने मान डोलावली. माझ्या विधानाशी तो सहमत असला की मान डोलावत नसे, हे मला चार महिन्यांत कळून चुकले होते.

ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. तेव्हा मी तेहेतीस वर्षांचा होतो, मिरजेच्या एका महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवीत होतो, आणि वनखात्याच्या लिलावात घेतलेली एक जुनी डिझेल जीप माझ्या पदरी होती. मूळची तिची विद्युद्व्यवस्था अगदी वैराग्याची: एक बॅटरी, दोन दिवे, एक भोंगा आणि तुटपुंजा डायनॅमो. त्या वैराग्यावर मी प्रपंच उभा केला. डायनॅमो काढून तिप्पट ताकदीचा अल्टरनेटर बसवला. चालकाच्या आसनामागे दुसरी बॅटरी ठेवली. पुढे खडकाला दोर बांधून गाडी ओढून घेणारे विंच आले, टपावर चार मोठे दिवे, टायरमध्ये हवा भरण्याचा कॉम्प्रेसर, टेप, आणि शेवटी एक लहानसा फ्रीज. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र फ्यूज, प्रत्येक फ्यूजला चिठ्ठी, आणि हे सारे बेचाळीस पानांच्या एका वहीत आकृत्यांसह नोंदलेले.

बादशहाच्या आजोबांनी संस्थानच्या तलवारींना धार लावली होती. तलवारी गेल्या, संस्थान गेले, आणि नातू बॅटऱ्या व डायनॅमो दुरुस्त करू लागला. परंतु लोखंडाविषयीचा त्या घराण्याचा अधिकार काही कमी झाला नाही. त्याचा माझा मुख्य वाद अर्थिंगवरून. वीज बॅटरीतून निघते ती चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, लोखंडातून परत येते. त्या परतीच्या वाटेला अर्थिंग म्हणतात. बादशहाचे म्हणणे, जितकी यंत्रे तितकी अर्थिंगे जागच्या जागी लावावीत. माझे म्हणणे, सर्व तारा एकाच ठिकाणी आणून चासीवरच्या एकाच बोल्टला बांधाव्यात, कारण अनेक कारणांपेक्षा एक कारण श्रेष्ठ. हा वाद अकरा दिवस चालला. शेवटी गाडी माझी असल्यामुळे मी जिंकलो.

फ्रीज कशासाठी, असे बादशहाने विचारले तेव्हा मी "ताकासाठी" असे उत्तर दिले. आयुष्यात मी ज्या थोड्या वेळा सरळ खोटे बोललो त्यांतली ही एक. खरे कारण डॉ. रेवती गोगटे हे होते.

रेवती जतच्या बाजूला सरकारी पशुवैद्य होती. वाड्यावस्त्यांवर जनावरांना लस टोचायला जाताना ती लशीच्या कुप्या बर्फाच्या पेटीतून नेई. दुपारी एकपर्यंत बर्फाचे पाणी होई, आणि उरलेल्या गाईंना दुसऱ्या दिवसाचा वायदा. आमच्या जीप मंडळात ती रविवारी येत असे. स्वतःची जीप नसताना मंडळातल्या आठही जीपा ती मालकांपेक्षा बऱ्या चालवी. अपवाद माझ्या जीपेचा, कारण माझे स्टिअरिंगचे चक्र मी कोणाच्याही हाती देत नसे. तिच्याशी वाद घालणे मला आवडे. ती ऐकून घेई, शेवटी एकच वाक्य बोले, आणि माझी पंधरा मिनिटे वाया गेलेली असत.

भाद्रपदाच्या अखेरीस तिने सहज बोलता बोलता सांगितले की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती पुण्याला आत्याकडे जाणार आहे. अमेरिकेतला मुलगा आहे, चार दिवसांसाठी येतोय, पाहण्याचा कार्यक्रम आहे, आणि आत्याने जवळजवळ ठरवूनच टाकले आहे. हे सांगताना ती माझ्याकडे पाहत होती. मी काय केले असेल? अमेरिकेत आणि भारतात विजेचा दाब निराळा असतो, यावर मी तिला सविस्तर माहिती दिली.

ती गेली. बादशहा शेजारीच बसून सगळे ऐकत होता. मग हातातली तार सोलता सोलता म्हणाला, "सर, दसऱ्याला डोंगरावर सोनं देताना बोला. सोनं हातात आसलं की मानूस न्हाई म्हनत न्हाई."

मला हा युक्तिवाद तर्कदृष्ट्या लुळा वाटला. तरी मी तो स्वीकारला.

आमच्या मंडळाचे सीमोल्लंघन ठरलेले असे. दसऱ्याला दुपारी तीन वाजता आठही जीपा सोनसरीच्या डोंगराखाली जमायच्या, एकामागून एक घळीतून वर चढायच्या, आणि माथ्यावर आपट्याची पाने एकमेकांना द्यायची. नियम एकच. जी जीप दुसऱ्याच्या दोरीने ओढली जाईल तिच्या मालकाने माथ्यावर न थांबता, कोणाला पान न देता, मागच्या वाटेने घरी जायचे. मागील दोन वर्षे मी तसा घरी गेलो होतो, पैकी एकदा ट्रॅक्टरच्या मागे. या खेपेस रेवती माझ्या जीपेतून येते म्हणाली. मंडळाचे अध्यक्ष बापू थोरात, साखर कारखान्यातले निवृत्त इंजिनियर, तिला म्हणाले की घरी लवकर जायचे असेल तर चांगला बेत आहे.

त्याआधी खंडेनवमी आली. बादशहाच्या घराण्यात त्या दिवशी सगळी हत्यारे पूजेला बसत: पाने, पक्कड, पेचकस, टेस्टर, आजोबांची सहाण. एकदा बसले हत्यार की दसऱ्याला सीमोल्लंघनाहून परत येईतो ते उचलायचे नाही. बादशहा नमाजही पढत असे आणि खंडेनवमीही पाळत असे, आणि त्यात विसंगती आहे असे त्याला सांगण्याचे धाडस मीसुद्धा केले नाही. उलट हा नियम मला इतका रास्त वाटला की मंडळातल्या सर्वांनी तो पाळावा असा मी आग्रह धरला. शस्त्राला वर्षातून दीड दिवस विश्रांती हवी, यावर बापूंच्या ओसरीवर मी पाऊण तास बोललो. सर्वांनी मान्य केले. मला वाटते, मी थांबावे म्हणून.

मीही घरी माझी हत्यारपेटी पूजेला मांडली आणि जीपेची पूजा यथासांग केली. सोळा उपचार, एकही गाळला नाही.

दसऱ्याला तीन वाजता आम्ही निघालो. रेवती शेजारी, बादशहा मागे, त्याच्या मांडीवर आपट्याची फांदी. रेवतीची सरकारी औषधांची चामडी पिशवी तिच्या पायाशी होती. माझ्या खिशात एक कागद होता. त्यावर चार परिच्छेदांत मी माझे म्हणणे मांडले होते: पहिल्यात प्रस्तावना, दुसऱ्यात संभाव्य आक्षेप, तिसऱ्यात त्यांचे खंडन, चौथ्यात विनंती.

आमचा क्रमांक आठवा. पुढच्या सात जीपा धूळ उडवीत माथ्यावर पोचल्या, आणि आम्ही घळीत शिरलो. पहिली शंभर पावले जीप अशी चढली की बादशहानेसुद्धा "वा" म्हटले. मग वळणावर एक मोठी धोंड आली, चाक तिच्यावर चढून धाडकन खाली आपटले, आणि मी सवयीने भोंगा वाजवला.

भोंगा वाजला नाही. वायपर चालू झाले.

मी वायपर बंद केले, तर टेपमधून सनई लागली. डावीकडचा इंडिकेटर दिला, तर टपावरचे चारही दिवे काजव्यासारखे मिणमिणू लागले आणि भोंग्याने आतल्या आत एक दीर्घ उसासा टाकला. ब्रेक दाबला की फ्रीज थरथरे. रेवती आधी ओठ दाबून बसली होती; मग तिने तोंडावर ओढणी धरली; मग तिचे खांदे हलू लागले. मी हे सर्व क्षणिक आहे असे सांगत होतो, आणि सांगण्याच्या भरात पायाखालचा क्लच सुटला. जीप एक आचका देऊन बंद पडली, ती बरोबर घळीतल्या सर्वांत उभ्या चढावर. स्टार्टर फिरवला. आतून 'टक' असा एकच आवाज आला, जणू कोणी दार उघडून पाहिले आणि पुन्हा लावून घेतले.

बादशहाने उडी मारून चाकांमागे दगड लावले. वरून बापू थोरातांनी विचारले, दोर टाकू का? मी निक्षून नको म्हणालो. पाच मिनिटांत दुरुस्त होईल, फक्त कोणाजवळ तेरा नंबरचा पाना असेल तर खाली द्या.

 वर एकेकाने आपली हत्यारपेटी उघडून पाहिली असावी, कारण झाकणांचे आवाज आले. त्यांत हळदकुंकवाच्या पुड्या होत्या, नारळ होते, पेढे होते. आठ जीपा, तेवीस माणसे, त्यांत एक निवृत्त इंजिनियर आणि जिल्ह्यातला नामांकित मिस्त्री, आणि साऱ्या डोंगरावर एकही पाना नव्हता. सगळे पाने घरोघर पाटावर फुलांखाली विश्रांती घेत होते.

"पाऊण तास बोलले होते सर," बापू वरून कोणाला तरी म्हणाले. घळीत आवाज फार स्वच्छ येतो.

बादशहाने आसनामागची फळी उचलली, आत वाकून पाहिले, आणि बोट लावून नाकाशी नेले. "सर," तो म्हणाला, "अर्थिंगच्या बोल्टला चंदन कुनी लावलं?"

आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते. सर्व तारा जिथे एकत्र येतात ते स्थान म्हणजे या जीपेचे मूळ, आणि मुळाची पूजा वरवर कशी करायची, असे मला खंडेनवमीला वाटले होते. मी नट काढले, पाना पेटीसह पाटावर मांडला, तारांच्या टोकांखाली स्वच्छ लोखंडाला दाट गंध लावले, अक्षता वाहिल्या, आणि टोके पुन्हा बसवली. नट आवळायला गेलो तेव्हा ध्यानात आले की पाना तर आधीच पूजेला बसला आहे. तो उचलणे म्हणजे मीच सर्वांवर लादलेला नियम मीच मोडणे. म्हणून नट बोटांनी जितके बसेल तितके बसवले, आणि कोणाला काही बोललो नाही. दुपारच्या उन्हात गंध वाळून त्याची खपली झाली, धक्क्याने नट गळून कुठल्या कुठे गेले, आणि बेचाळीस पानांची सारी व्यवस्था एका अक्षतेच्या दाण्यावर डुलत राहिली.

हे मी जसेच्या तसे सांगितले. बादशहाने "अकरा दिवस सांगत हुतो" एवढेच म्हटले, आणि तो दुसरीकडे पाहू लागला. मला त्याच्या शिव्या अधिक बऱ्या वाटल्या असत्या.

रेवतीने पिशवी उघडली. तिने आधी खूर तासायची सुरी काढली आणि गंध खरवडून लोखंड लख्ख केले. मग हातभर लांबीचा, दोन दांड्यांचा, जाड जबड्याचा एक चिमटा बाहेर काढला.

"तुम्ही हत्यारं पूजेला नाही बसवलीत?" मी विचारले.

"गाय अडते ती पंचांग बघून अडत नाही," ती म्हणाली. "हे धरा. तारांची टोकं आणि चासीची पट्टी, दोन्ही जबड्यात घ्या आणि जोर लावून दाबून ठेवा. सुटलं की सगळं बंद."

मी विचारले की हे कशाचे उपकरण आहे. तिने सांगितले. बैलाचा संसार ज्या चिमट्याने कायमचा आटोपतो तो हाच, आणि त्यात एका बोटाने दोनशे किलोचा दाब येतो. बादशहा दोन पावले मागे सरकला आणि विंचचा दोर घेऊन वरच्या खडकाकडे जरा जास्तच चपळाईने निघून गेला.

अशा रीतीने मी माझ्याच जीपेत आसनामागे गुडघे टेकून, मान वाकडी करून, दोन्ही हातांनी तो चिमटा आवळून बसलो, आणि रेवती माझ्या जागेवर, माझ्या चक्रापुढे बसली. तिने किल्ली फिरवली. इंजिन असे धडधडून उठले की वरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग विंच गुरगुरू लागले, दोर ताणला गेला, आणि जीप बोटाबोटाने चढू लागली.

"जोगळेकर," ती मागे न पाहता म्हणाली, "हा फ्रीज चार अंशांवर का लावलाय?"

"ताकासाठी."

"ताक कोणी चार अंशांवर ठेवत नाही. चार अंशांवर लस ठेवतात."

माझा कागद खिशात होता आणि दोन्ही हात गुंतलेले. पहिला परिच्छेद आठवेना. दुसऱ्यातले आक्षेप तेवढे सगळे आठवत होते. "तुमचा बर्फ एक वाजता वितळतो," मी म्हणालो.

"हो. आणि मी अमेरिकेला गेले तर यात काय ठेवणार?"

विंच ओरडत होते, इंजिन धडधडत होते, चाकाखालचे दगड घरंगळत होते. चौथा परिच्छेद अठरा ओळींचा होता. त्यातून माझ्या तोंडून दोन शब्द निघाले. "जाऊ नका," मी म्हणालो.

 जीप आणखी हातभर चढली.

"पुण्याला जावंच लागेल," ती म्हणाली. "आत्याला नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणावं लागतं. फोनवर ती ऐकून घेत नाही."

"नाही म्हणजे," मी म्हणालो, "कोणाला नाही?"

"तर्कशास्त्र शिकवता ना तुम्ही?"

तेवढ्यात अर्थ माझ्या डोक्यात शिरला आणि हातातले बळ गेले. चिमटा ढिला पडला. विंच थबकले, दोर कुरकुरला, आणि जीप घळीत लोंबकळत उभी राहिली. पुढून बादशहाने हाक मारून विचारले, काय झाले.

"सरांचा हात सुटला," रेवतीने ओरडून सांगितले. "त्यांना थोडा वेळ द्या."

मी चिमटा पुन्हा आवळला, इतका की डोळ्यांपुढे चांदण्या आल्या. उरलेला सगळा चढ ती हसत होती आणि मीही हसत होतो. का हसतो आहोत हे दोघांपैकी कोणी सांगू शकले नसते. "तुम्ही पण येताय पुण्याला," ती म्हणाली. मी म्हणालो, अवश्य, जीपने जाऊ. तिने विचारले, "सकाळी चालू होईल?"

तेहेतीस वर्षांत कोणत्याही प्रश्नावर माझे मत नव्हते असे झाले नव्हते. "सांगता येत नाही," मी म्हणालो.

"मग साडेसहाची एसटी," ती म्हणाली.

माथ्यावर पोचलो तेव्हा माझी बोटे दांड्यांवर अशी आखडली होती की ती उलगडेनात. मी चिमट्यासकट खाली उतरलो. बापू थोरात आपट्याचे पान घेऊन पुढे आले, आणि हे काय हातात, असे त्यांनी कौतुकाने विचारले. रेवतीने त्यांना एका वाक्यात सांगितले. बापूंनी पान दुरूनच माझ्या दिशेने टाकले. शेवटी बादशहाने माझी बोटे एकेक करून सोडवली, आणि रेवतीने बोलता बोलता एक पान माझ्या वरच्या खिशात, त्या चार परिच्छेदांच्या शेजारी, खोचून दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता आम्ही कोथरूडला तिच्या आत्याच्या घरी पोचलो. रेवती मला बाहेरच्या खोलीत बसवून सरळ स्वयंपाकघरात गेली. तेवढ्यात पाहुणे आले: अमेरिकेतला मुलगा, त्याचे आईवडील आणि एक काका. एसटी फलटणपाशी दीड तास उभी राहिल्यामुळे मी उपाशी होतो. काकांनी सरकून मला कोचावर नीट जागा करून दिली. ते मला मुलीकडचा समजले असावेत. आतून दबक्या आवाजात बोलणे चाललेले ऐकू येत होते. रेवती काही सांगू पाहत होती, आणि आधी पाहुण्यांना पोहे जाऊ देत, मग काय ते बोल, असे आत्या बजावीत होती. पोहे आले. मी दुसऱ्यांदाही घेतले.

मग आत्या बाहेर आली. उंच, करारी, चष्म्यावरून पाहणारी बाई. तिने सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि इतर चौघे अवघडून बसलेले पाहून, मनमोकळेपणे पोहे खाणाऱ्या माझ्यापाशी ती थांबली.

"मी स्पष्ट बोलणारी बाई आहे," ती म्हणाली. "तुमच्याकडचे बोलते तुम्हीच दिसता. आडपडदा नको. मुलगी पसंत आहे का, ते सांगून टाका."

स्वयंपाकघराच्या दारात रेवती चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ट्रेमधल्या कपबशा किणकिणत होत्या. तिचे खांदे पुन्हा हलू लागले होते. या प्रश्नात किमान तीन गृहीतके चुकीची होती, आणि त्यांतले एकही मी दुरुस्त केले नाही. बशी खाली ठेवली, उठून उभा राहिलो, आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "पसंत आहे."